आवडीचं गाणं

नवऱ्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि अंबरपेठेतल्या घरात भामाबाई रेडिओवर फर्माइशीची गाणी ऐकत बसल्या होत्या. मुलाने सुतक म्हणून नव्या रंगीत टीव्हीवरसुद्धा चादर टाकली होती. भेटायला आलेल्या शेजारणी दारातच थबकल्या.

“अहो वहिनी, गल्लीभर ऐकू जातंय. बंद करा ते,” नणंद सुलोचनाबाई कुजबुजल्या.

“राहू द्या, वन्सं.”

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या, तशी सुलोचनाबाईंनीच वाट काढली. डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, “दादाच्या आवडीचं गाणं आहे हो हे. त्याच्या आठवणीनं लावलंय. हौ ना, वहिनी?”

बायकांचे चेहरे एकदम निवळले. एकीने तर हुंदकाही दिला. भामाबाईंनी नुसतं ‘हौ’ म्हटलं असतं, तरी सगळं निभावलं असतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “यांना घरात रेडिओ चालत नव्हता. मी माहेराहून आणलेला रेडिओ यांनी लग्नाच्या वर्षीच अंगणात आपटला. वन्सं, तुम्ही तेव्हा इथंच होतात. हा काल मी स्वतः कोठीच्या बाजारात जाऊन आणला.”

भामाबाईंनी हात लांबवून आवाज आणखी थोडा वाढवला.

“गाणं माझ्या आवडीचं आहे. ऐकायचं असेल तर बसा.”