बिजागरी

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली बायकोच्या गळ्यात होती, आणि आतला बिस्किटांचा डबा पुन्हा रिकामा होता.

"उंदीर," मेजर म्हणाले.

"झाकण परत लावून जाणारा?" बायको म्हणाली.

मेजर कधीच मेजर नव्हते. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पुढची बढती गल्लीने दिली, ती पोट बघून. त्याच पोटापायी आता गुडघ्याचं ऑपरेशन अडलं होतं. वजन उतरल्याशिवाय सुरीला हात लावणार नाही, असं सैनिकी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि वर फौजेतल्या शिस्तीची आठवण करून दिली होती. मेजरांनी त्याच दिवशी खाण्याच्या कपाटाला कडीकोयंडा ठोकला, किल्ली बायकोच्या हवाली केली आणि हुकूम सोडला, "मी पाया पडलो तरी द्यायची नाही." पाया पडण्याचा प्रश्नच नव्हता, गुडघे वाकत नव्हते. वजन मात्र वाढत होतं.

त्या दुपारी त्यांची थोरली बहीण आली. स्वयंपाकघरात शिरताच तिने कुलूप पाहिलं, मग भावजयीच्या गळ्यातली किल्ली पाहिली, आणि हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली.

"हे कुणी लावलं?"

"तुमच्याच भावाने, वन्सं. उघडतं कोण, ते देव जाणे."

बहीण कुलपाकडे गेलीच नाही. ती दाराच्या दुसऱ्या कडेला गेली आणि खालच्या बिजागरीवरून तिने बोट फिरवलं. बिजागरी गंजलेली, स्क्रूंची डोकी मात्र चकचकीत.

"चमच्याच्या दांड्याने ना रे?" तिने मागे न बघता विचारलं.

मेजर तिच्यामागे उभे होते. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. असं उभं राहायला त्यांना फौजेने शिकवलं, असं बायको इतकी वर्षं समजत होती.

"चाकूने," ते म्हणाले. "चमचे आता फार पातळ येतात."

"आमच्याकडे किल्ली वडिलांच्या गळ्यात असायची," बहीण भावजयीला म्हणाली. "हा बिजागऱ्या काढायचा, मी दारात पहारा द्यायचे. एकदाच सापडला. त्यानंतर सापडायच्या आत गिळायला शिकला."

"मला वाटायचं, भराभरा खायची सवय फौजेने लावली."

"फौजेने बिचारीने पोटभर घातलं गं."

"कुलूप ठोकलं तेव्हा वाटलं, आता सुटलो," मेजर भिंतीला म्हणाले. "पण ते दिसलं, की भूक नसली तरी हात शिवशिवतात."

बायकोने गळ्यातली किल्ली काढली. मेजरांनी दातावर दात दाबले. तिने कुलूप उघडलं, किल्लीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि खणातून स्क्रू ड्रायव्हर काढून नवऱ्यापुढे धरला.

"दारच काढून टाका. पण नीट, हत्याराने. माझे सगळे चाकू बोथट करून ठेवलेत."

मेजर कामाला लागले. या कामात त्यांचा हात कुणी धरला नसता. निघालेलं दार त्यांनी भिंतीला टेकवलं. आतला पाव, साखर, बिस्किटांचा नवा पुडा, सगळं उजेडात आलं. बायकोने चहा ओतला, बहिणीच्या पिशवीतला केक कापला आणि एक तुकडा बशीत घालून नवऱ्यापुढे सरकवला. मेजरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

"वन्सं, या ना. चहा निवतोय. दारात काय उभ्या राहिलात?"

बहीण त्यांच्याकडे पाठ करून, बाहेरच्या रस्त्यावर नजर लावून उभी होती. तिला स्वतःलाही ते आत्ताच कळलं.

"ये गं ताई," मेजर म्हणाले. "कुणी येत नाहीये."

ते अजून पहिलाच घास चावत होते.