वरचा अर्धा टक्का

रविवारी सकाळी दहा वाजता, विकायला काढलेल्या तिसऱ्या मजल्यावरील घरात निवृत्त हिशेबतपासनीस दुसऱ्या दलालाची वाट पाहत होते. पत्नी शुश्रूषागृहात होती. तिचे चालणे जवळजवळ थांबले होते आणि तिथला खर्च घर विकूनच भागणार होता. पहिला दलाल दीड टक्का दलाली सांगून, घराचे गोडवे गाऊन गेला. आज येणाऱ्या दलालबाई फोनवरच दोन टक्के मागत होत्या. वरच्या अर्ध्यासाठी भांडायला ते कंबर कसून बसले होते. बाईंनी मात्र आल्याआल्या भिंतीवरचा लाकडी कठडा चाचपला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, पत्नीच्या हाताच्या उंचीवर, तो हिशेबतपासनिसांनी स्वतः बसवला होता. “हा काढा, काका. गिऱ्हाइकाला आजारपण दिसतं. पहिल्यानं सांगितलं नाही?” “नाही.” “म्हणून तो स्वस्त.” “पण ही परत आली, तर धरेल काय?” बाईंनी कठड्यावरचा हात काढला. “काका, विकलेल्या घरी कुणी परत येत नसतं.”