बॉयलरचा पासवर्ड

कझाकस्तानात इर्तिश नदीकाठच्या आमच्या शहरातली सगळी घरे ज्या बॉयलरांमुळे उबदार राहतात, त्यांचे मुख्य अभियंता माझे सासरे आहेत. त्या बॉयलरांच्या झडपा आता नेटवर्कवरून उघडतात आणि मिटतात, आणि त्या नेटवर्कची सुरक्षा माझ्याकडे आहे. सासऱ्यांनी ठेवलेला पासवर्ड बदला, असे मी किती वेळा सांगितले असेल. बाहेर उणे तीस असताना कुणी दूर बसून झडपा मिटल्या, तर सकाळपर्यंत घराघरांतले पाइप फुटतील.

सोमवारच्या बैठकीत मी पुन्हा तोच विषय काढला.

"झाली हिची टेप सुरू," सासरे हसले. "सूनबाई, तुझ्या जन्माआधीपासून हे बॉयलर सांभाळतोय मी. माझा पासवर्ड काय चोराच्या स्वप्नात येणार आहे?"

"स्वप्न कशाला पडायला हवं, बाबा? पहिल्याच फटक्यात सापडेल."

"मग सांग की! इथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. सांगितलास तर आत्ताच्या आत्ता बदलतो." त्यांनी शेजारच्याला डोळा मारला. "बघा हं, नाही निघायचा तिच्या तोंडून."

सगळे चहाच्या वाडग्यात तोंड घालून हसू लागले.

मी उभी राहिले, सून म्हणून रीतीप्रमाणे वाकले, आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "शायमेर्देन."

सासऱ्यांनी वाडगा खाली ठेवला आणि पासवर्ड बदलायला कीबोर्ड पुढे ओढला.



आम्हा कझाकांत सून सासऱ्यांचे नाव मरेपर्यंत घेत नाही, आणि याच भरवशावर त्यांनी स्वतःचे नाव पासवर्ड ठेवून माझ्याशी पैज लावली होती.