एकसारखे डबे

चहात मीठ होतं, आणि तेही नेमकं पाहुण्यांच्या. सुनेच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही काही पहिली खेप नव्हती. घरातून प्लॅस्टिक हद्दपार झाल्यापासून सासूबाईंचं हे असंच चाललं होतं. आपल्यापुरता तरी पृथ्वीवरचा भार हलका करायचा, असं सुनेनं मनावर घेतलं होतं. बाजाराला कापडी पिशवी, दुधाला घरचं भांडं. मीठसुद्धा पाकिटातलं नको म्हणून सुटं, साखरेसारखं जाड. शेवटी पाळी आली जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यांची. एकाचा काठ तुटलेला, एकाचं बूड गॅसजवळ वितळलेलं, एकाचं झाकण दोरीनं बांधलेलं. सगळी ध्यानं भंगारात गेली आणि फळीवर स्टीलचे चकचकीत, एका मापाचे डबे आले.

गंमत म्हणजे बाकी सगळ्यात सासूबाई सुनेच्या दोन पावलं पुढे होत्या. वर्तमानपत्र त्यांनीच बंद करायला लावलं. "तेवढाच कागद वाचेल," म्हणाल्या. संध्याकाळी खोलीत दिवाही लावत नसत. "उगाच वीज कशाला जाळायची?" सून हे चारचौघांत कौतुकानं सांगायची. मग हत्ती गेला आणि शेपूट का राहिलं, ते तिला कळेना.

"रुसलीय ती," नवरा म्हणाला. "तिचा संसार होता तो. थोडे दिवस दादाकडे पाठवू या का?"

सून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड कुकर लावता येत नव्हता. सासूबाईंनी एका शब्दानं न टोचता सगळं शिकवलं होतं. त्यांना घरातून हलवायचं तिच्या जिवावर आलं. पण रोज उठून हा असहकार तरी किती सोसायचा?

तिनं जुन्या कागदी पाकिटांचे तुकडे कापले, त्यांवर ठसठशीत अक्षरांत नावं लिहिली आणि एकेका डब्यावर चिकटवली.

"आई, आता चूक व्हायला नको हं."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहा आला तो खारटच. सून तिरीमिरीत उठली. आता स्पष्टच सांगायचं, दादांकडे जाऊन राहा म्हणून. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. सासूबाई फळीपुढे उभ्या होत्या. हातात डबा होता.

"आई, एवढं मोठं 'मीठ' लिहिलंय त्यावर. तरी मुद्दाम करता ना?"

सासूबाई दचकल्या. मग चिठ्ठीवरून सावकाश बोटं फिरवत म्हणाल्या, "कागद कुठे चिकटवलायस ते लागतं गं हाताला. त्यावर काय लिहिलंयस, ते मात्र लागत नाही."