तळ दिसला पाहिजे

"शेवटचं कसं झालं?" सिस्टरने विचारलं.

"पाण्यासारखं," म्हातारा म्हणाला. "फिकट पिवळं. भांड्याचा तळ दिसत होता."

सिस्टरने त्याच्याकडे संशयाने बघितलं. इतकं बिनचूक उत्तर कुणी देत नाही. आतड्यात दुर्बीण घालायची तर पोट धुऊन निघायला हवं, एवढी साधी गोष्ट. पण लोक जुलाबाचं औषध अर्धं टाकून देतात, चोरून खातात आणि इथे साळसूदपणे येऊन बसतात. मग आतले डॉक्टर चिडतात, ते सिस्टरवर. आज सकाळपासून दोघांना घरी पाठवून झालं होतं. तिचे पाय भरून आले होते आणि कुणाशी बोलायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

"खरंच सांगतायत हो," म्हाताऱ्याची बायको म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकले होते. "रक्त पडतंय असं हे म्हणाले तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. कधीची तारीख मागत होतो, ती आज मिळाली. आज काय ते कळलंच पाहिजे."

"औषध सगळं घेतलं?"

"घेतात कसले! लहान मुलासारखं तोंड फिरवून बसले. म्हणे, तू पिशील तर मी पितो. पाकिटंही दोन आणली होती, एक माझं, एक यांचं."

सिस्टरला एवढ्या कंटाळ्यातही हसू आलं. "आणि काकू, तुम्ही प्यायलात?"

"न पिऊन सांगते कुणाला? ग्लासाला ग्लास लावून बसलो. शी, काय ती चव!"

"निदान तुम्ही तरी खाऊन घ्या काहीतरी."

"हे उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का?"

म्हातारा छताकडे बघत होता.

"चला काका, कपडे बदला," म्हणत सिस्टर वाकली आणि तिथेच थांबली. त्याच्या मिशीत पिवळा कण होता. अंड्याचा.

"काका, काय खाल्लंत?"

"अंडी," तो शांतपणे म्हणाला. "पाव. हिची पाठ वळली की औषध मोरीत ओतलं."

"अहो!" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं आणि तुम्ही अंडी खात होतात?" पुढे काही बोलायच्या आत तिने पोट धरलं आणि ती समोरच्या संडासात पळाली.

सिस्टरचा तोल सुटला. "लाज नाही वाटत? आता परत तारीख कधी मिळेल देव जाणे. आत काही वाईट असलं म्हणजे? स्वतःच्या जिवाची नसेल पर्वा, पण त्या माउलीकडे तरी बघायचं!"

म्हाताऱ्याने संडासाचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग मिशी पुसली.

"तिच्याकडेच बघा, सिस्टर. मूळव्याध आहे म्हणून दडपते. हातापाया पडलो, पण स्वतःसाठी ती दवाखान्याची पायरी चढत नाही. बाहेर आली की तुम्हीच विचारा, माझं ऐकत नाही. तळ दिसत होता ते खरं सांगितलं मी, पण ते माझं नव्हतं. आणि रक्तही माझं नव्हतं."