झोळीपुरती जागा

भाकरीचा डबा उघडताना झाकण खण्णकन वाजलं. वाळवंटातली दुपारची शांतता मोडली आणि मांडीवरचा धाकटा जागा होऊन रडू लागला.

जैसलमेरच्या वाळूतली जत्रा आम्ही पहिल्यांदाच बघणार होतो. यांना पलटणीतून दोनच दिवसांची सुट्टी मिळाली, म्हणून कराडहून मीच लेकरं घेऊन आले होते. तंबूसाठी ही तिसरी जागा, आणि मी नाहीच म्हणत होते.

"अगं, वाऱ्याला पाठ हाय, उंटांची वाट लांब हाय. आता आणि काय पायजे तुला?"

"झाड."

"वाळवंटात?"

"आवं, झोळीबिगर झोपतोय व्हय ह्यो? आपल्या बांधावर बाभळ तरी हाय. हितं झोळी कशाला बांधू?"

हे हसले. "सायबानंबी एवढं पळवलं न्हाई मला."

त्यांनी तिथंच तंबू ठोकला. माझ्या जुनेराचं एक टोक तंबूच्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या खांद्याला, आणि वाळूत पाय रोवून उभे राहिले.

"घे तुझं झाड."

दोन झोक्यांत धाकटा झोपला. पलीकडं ढोल वाजायला लागले, जत्रेला रंग चढला, पण हे काही जागचे हलेनात.

पाच वर्षांची रेश्मा मघापासून त्यांच्याकडं टक लावून बघत होती. तिनं हळूच माझा पदर ओढला.

"आई, परवा आपण गावाला गेल्यावर पप्पा कुणाला झोका देणार?"