काजळाची रेघ

डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी प्रणोतीला आठवडाभर लेन्स घालायला मनाई केली होती. ती चष्मा लावूनच शाळेत शिकवायला जायची. डबीतलं सोल्युशन मात्र रोज सकाळी बदलायची.

एका सकाळी हात धुऊन, कोरडे करून तिने डबी उघडली, तर उजव्या लेन्सच्या कडेला काजळाची रेघ होती. तळव्यावर घेतली तेव्हा लेन्स कोमट लागली.

दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात ती आणि आई, दोघीच राहायच्या.

‘आई, माझ्या लेन्सला हात लावला का?’

‘मी काहून लावू? मला तर पाहूनच भीती वाटते त्यांची.’

‘आणि काजळ?’

‘आपल्याकडे कोण लावते काजळ?’

प्रणोतीने लेन्स चोळून धुतली, ताजं सोल्युशन भरलं आणि डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

दुसऱ्या सकाळी कुलूप तसंच होतं. तिने डबी उघडली. सोल्युशन होतं, लेन्स नव्हत्या. नाकावरचा चष्मा सावरून तिने पुन्हा पाहिलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

‘अच्छा, चष्मा सुटला वाटतं आज. काजळ छान दिसून राहिलं, प्रणोती. बस, चहा घे.’